एकोणीस रेघा

४ नोव्हेंबर

ताई,

हे तिसरं पत्र. आधीची दोन परत आली नाहीत, म्हणजे पोचली असणार. फोन तू उचलत नाहीस ते एका परीने बरंच. फोनवर मला लगेच रडू फुटतं आणि रडणाऱ्या माणसांचा तुला पहिल्यापासून वैताग. कागदावर मी जरा शहाण्यासारखी वागते.

विशेष काही नाही. थंडी पडली आहे. माझ्या खोलीची खिडकी खालून नीट बसत नाही, फटीत वर्तमानपत्र कोंबलंय, तरी वारा येतोच. कामावर जाते, येते, काहीतरी शिजवते आणि ओट्याशी उभ्यानेच खाते. आई असती तर म्हणाली असती, बसून खा की, घोडी आहेस का.

आमच्या समुद्री जनावरांच्या केंद्रात नवी सील आली. किनाऱ्यावर सापडली तेव्हा गळ्याभोवती जाळ्याचा दोर मांसात रुतलेला होता. दोर काढला, जखम भरत आली, पण फुप्फुसात काहीतरी राहिलंय असा डॉक्टरबाईंना संशय आहे. आमच्याकडे मासे घालणारे एक काका आहेत, दिवसभर बादल्या वाहतात म्हणून सगळे त्यांना बादलीकाका म्हणतात. त्यांनी तिचं नाव मालकीणबाई ठेवलंय. पहिल्याच दिवशी तिने हौदाच्या काठावरची सगळ्यांत उन्हाची जागा हेरली आणि तिथे आधीपासून लोळणाऱ्या दोघींकडे नुसतं पाहिलं. त्या आपण होऊन सरकल्या. मला तुझी आठवण झाली. रागावू नकोस.

भाऊजींना अजून वाटतं का, की मी सीलना नाकावर चेंडू नाचवायला शिकवते? त्यांना सांग, मी सीलना झोपलेलं बघते. तेच माझं काम. सील झोपली की श्वास थांबवते. जमिनीवर असली, अंगावर पाण्याचा थेंब नसला, तरीही. नाकपुड्या मिटतात त्या मिटतात. पाच मिनिटं, सात मिनिटं, कधी दहा. तेवढ्यात छातीतले ठोके निम्म्यावर येतात. मग फुस्स करून नाक उघडतं, भराभर दहा-पंधरा श्वास, ठोके पळत सुटतात, आणि पुन्हा सगळं बंद. मी शेजारी स्टुलावर बसते. मांडीवर वही, गळ्यात स्टॉपवॉच. ज्या मिनिटात श्वास आला त्या मिनिटाला गोल. ज्यात आला नाही त्याला रेघ. छातीला ठोके मोजणारा पट्टा असतो, पण तो सारखा निसटतो, म्हणून डॉक्टरबाईंचा माणसाच्या डोळ्यांवर जास्त भरवसा. दहा दिवस गोल आणि रेघा एका चालीने आल्या म्हणजे जनावर बरं झालं. मग सोडायचं.

तू कधी आली नाहीस इकडे. ये एकदा.

आणि मागच्या पत्रात नीट लिहिलं नव्हतं, म्हणून पुन्हा लिहिते. आई अचानक गेली. तू शेजारच्या खोलीत झोपली होतीस, मी तुला लगेच उठवलं. यात दुसरं काही नाही.

तुझी
बारकी

१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र नाही. मी लिहीत राहते. पोस्टातली बाई आता पाकीट हातात घेतानाच पत्ता वाचून दाखवते, तुझ्या दुकानासकट. परवा म्हणाली, पडद्यांचं दुकान का, मलाही पडदे शिवायचेत. मी म्हटलं, माप व्यवस्थित घेऊन जा, नाहीतर बोलणी खाल.

आज डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत. बोलायच्या आधी पेनाचं टोपण चावतात, आणि टोपण जितका वेळ तोंडात तितकं प्रकरण गंभीर, असा आमचा हिशेब. आज पुष्कळ वेळ चावलं. मग माझी वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि विचारलं, या बाईसाहेब दर वेळी पाच मिनिटं झाली की उठतात, हे कसं काय? इतकं नेमकं कुठलंच जनावर झोपत नाही.

मी म्हटलं, आवाज होत असेल कसला तरी.

दारातून बादलीकाका म्हणाले, "माझ्या बादल्या वाजतात हो. जुन्या झाल्यात." त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या बादल्या प्लास्टिकच्या आहेत.

डॉक्टरबाईंनी दोघांकडेही पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या की मोडलेल्या झोपेवरून फुप्फुसाचं काही कळत नाही. महिनाअखेरपर्यंत न मोडलेल्या नोंदी नाही मिळाल्या तर मालकीणबाईंना हिवाळा इथेच काढावा लागेल. आणि जे जनावर इथे हिवाळा काढतं ते बादलीला सोकावतं, मग समुद्रात स्वतःचं पोट भरणं त्याला जड जातं. हे मला माहीत आहे. मीच ते नव्या लोकांना शिकवते.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "पोरी, झाडूचा दांडा जरा लांब ठेवत जा." त्यांनी पाहिलंय.

तुला सांगते, कारण तू कुणाला सांगणार नाहीस, माझ्याशीच बोलत नाहीस तर माझ्याबद्दल कुणाशी बोलणार. मी तिला उठवते. पाच रेघा होतात, सहावं मिनिट सुरू होतं आणि माझा हात आपोआप दांड्याकडे जातो. तिच्या पाठीला हळूच टोचते. ती डोळे उघडते, फुस्स करते, माझ्याकडे असं बघते की लाज वाटावी. बारा वर्षं हे काम करते आहे, बारा वर्षांत कधी जनावराला हात लावला नाही. ऑगस्टपासून सहावी रेघ मला काढवत नाही.

का ते विचारू नकोस. म्हणजे, विचारत नाहीसच.

बारकी

२ डिसेंबर

ताई,

तुझं कार्ड आलं. पोस्टातल्या बाईने वाचलंच असणार, पण त्यात वाचण्यासारखं होतं काय. 'फाडलेलं पान कुठे आहे?' ना वर नाव, ना खाली. तुझं अक्षर मात्र तसंच आहे, टाके घातल्यासारखं.

चार महिन्यांनी एक ओळ. तरी मी ते दिवसभर खिशात घेऊन फिरले.

मला तो दिवस आठवतो. आई जाऊन पाच दिवस झाले होते. आपण तिची खोली आवरत होतो. तू औषधांचा ट्रे उचललास आणि खाली माझी कामाची वही निघाली. तू उघडलीस. आधी तुला वाटलं, सीलची असेल. मग तू तारीख वाचलीस. "हे आईचं आहे?" म्हणालीस. मी हो म्हटलं. गोल काय, रेघ काय, विचारलंस. मी सांगितलं. सांगताना मला वाईटही वाटलं नाही, सवयीने सांगत गेले, नव्या उमेदवाराला सांगते तशी. तू वही मिटलीस आणि म्हणालीस, "आई म्हणजे तुझ्या हौदातलं जनावर होती का गं?"

हातांना काहीतरी काम हवं होतं, एवढंच. तूही तिच्या उशाशी बसून चार उशांचे अभ्रे शिवलेस की.

मग तू वही पुन्हा उघडलीस आणि मधल्या शिलाईवरून बोट फिरवलंस. दुसरं कुणी असतं तर मी सुटले असते. तू म्हणालीस, "इथलं पान गेलंय. त्याच्या जोडीचं पान सुटलंय बघ, दोरा ढिला पडलाय." मी म्हटलं, कोरं होतं. तू म्हणालीस, "कोरं पान कुणी फाडत नाही, बारके." आणि चारच्या बसने निघून गेलीस. जाताना पडद्याच्या कापडाचा गठ्ठा विसरलीस, तो मी नंतर पार्सलने पाठवला. मिळाला ना?

त्या पानावर काही नव्हतं. कोरं नव्हतं, खरं आहे. मासळीचा हिशेब होता, कुणाला किती किलो. मी ते टाकून दिलं.

बारकी

५ डिसेंबर

ताई,

मागचं पत्र आलं असेल तर बाजूला ठेव.

मासळीचा हिशेब नव्हता. आईचंच पान होतं ते, शेवटचं. ते बघून तुला त्रास होईल म्हणून फाडलं. शेवटी शेवटी श्वास लांबले होते, हे मी तुला सांगितलं नव्हतं. म्हणजे अगदी अचानक म्हणता येणार नाही. पण फार वेळही नाही. मला कळेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील, मग मी तुझ्याकडे पळाले. तू चार दिवस डोळ्याला डोळा लावला नव्हतास. तुला उठवायला माझा जीव होईना, हे तू समजून घ्यायला हवं.

पान टाकलं हे मात्र खरं.

थंडी फार आहे. भाऊजींच्या गुडघ्याचं कसं आहे?

बारकी

१४ डिसेंबर

ताई,

तू उत्तर पाठवलं नाहीस. मला वाटलं होतं, दोन-तीन मिनिटांवर तुझं समाधान होईल. तुला मी काय समजते कोण जाणे. शिलाईतला एक सुटलेला टाका तुला दिसतो.

आज मालकीणबाईंच्या शेजारी बसले असताना काकांनी माझ्या हाताजवळचा झाडू उचलला आणि घेऊन गेले. दांडा नव्हता. पाच रेघा झाल्या, सहाव्या मिनिटाला मी टाळी वाजवली. दोन टाळ्या. ती उठली. काका हौदाच्या पलीकडून बघत होते. ते वाकून बादली धुवायला लागले. त्या धुण्याने मला जेवढं लागलं तेवढं डॉक्टरबाईंच्या टोपणानेही लागलं नव्हतं. एक धडधाकट जनावर माझ्यापायी घरी जात नाहीये.

मी थकले आहे, ताई. खोटं बोलण्याने नव्हे, ते मला जमतं. ते कुठे कुठे बोलले हे लक्षात ठेवण्याने.

पान सोबत आहे. टाकलं नव्हतं. आईच्या चष्म्याच्या डबीत होतं, चष्म्याखाली घडी करून. आता ते समोर धर आणि मी सांगते तसं वाच.

सुरुवात दोन वाजून पाच मिनिटांपासून आहे. तू दुपारी दीड वाजता झोपायला गेलीस. दारात उभी राहून म्हणालीस, "बारके, श्वास लांबला की उठव मला. एका हाकेत उठेन." मी हो म्हटलं. मान डोलावली नाही, तोंडाने म्हटलं.

दोन दहाला पहिली रेघ आहे. अख्खं एक मिनिट श्वास नाही. दुसरी कुठलीही मुलगी त्या मिनिटाला पळत सुटली असती. मी रेघ काढली आणि पुढच्या मिनिटाची वाट बघत बसले. ताई, एक मिनिट म्हणजे आमच्याकडे काहीच नाही. एका मिनिटात मी पेन्सिलीला टोक करून घेते. मला वाटलंच नाही की हेच ते, यालाच ताई लांबणं म्हणाली. मनात असंही आलं असेल की आई छान विश्रांती घेते आहे. तसं आलंच. चाल बरोबर होती ना, गोल, गोल, रेघ, गोल. बारा वर्षं ती चाल दिसली की मी निश्चिंत होते.

पुढे सहा रेघा मोज, सुट्या सुट्या. एका ठिकाणी दोन जोडून आहेत. म्हणजे दोन दहापासून बेचाळीस मिनिटं होती. बेचाळीस मिनिटं तू शेजारच्या खोलीत होतीस, मधे एक भिंत होती, आणि आई जिवंत होती. तू तिचा हात धरू शकली असतीस. ते मी घालवलं. रागाने नाही, मुद्दाम नाही. कामाच्या सवयीने.

दोन बावन्नला शेवटचा गोल आहे.

मग मी तिचं मनगट धरलं. ठोका लागेना. मला वाटलं, मंदावलाय. सीलचे ठोके श्वास थांबला की असेच लांब लांब पडतात, दोन ठोक्यांच्या मधे माणूस हरवून जाईल इतके लांब. आणि श्वास परत यायच्या जरा आधी ते जागे होतात. नाक अजून मिटलेलं असतं, पण आत दोन-चार ठोके भराभर पडतात, आणि मग फुस्स. तो क्षण मला आधी कळतो. केंद्रात इतका कुणालाच कळत नाही, मला त्याचा अभिमान होता. मी आईच्या मनगटावर बोटं ठेवून त्या दोन-चार ठोक्यांची वाट बघत होते.

इथपर्यंत चूक होती. पुढचं चूक म्हणून खपणार नाही.

पाच रेघांनंतर मला कळलं. तिच्या ओठांचा रंग बदलला होता. मला माणसातलं कळत नाही असं नाही. तरी मी सहावी काढली. सातवी काढली. रेघा काढत होते तोवर तो विराम होता. पेन्सिल खाली ठेवली असती की ती गेली असती. आणि अजून एक आहे. आजारपणात आई सारखं तुझं नाव घ्यायची. माझ्या हातून पाणी पिताना विचारायची, ताई कुठाय? मी कूस बदलून द्यायचे आणि ती म्हणायची, ताईला बोलाव, तिला बरोबर जमतं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायचे. त्या दुपारी ती कुणालाच बोलावत नव्हती. ती माझी एकटीची होती. चौदा रेघा.

पाच आणि चौदा. मोजून बघ. शेवटी एकोणीस आहेत ओळीने आणि पुढे गोल नाही.

तीन बाराला मी तुला उठवलं आणि म्हटलं, आत्ता गं, आत्ताच. दाखल्यावर तीन दहा लिहिलंय. ती वेळ मी सांगितली होती.

आता तुझ्याकडे सगळं आहे. मला लिहायचं असलं तर लिही. नसलं तर मी आणखी काही सांगून तुला त्रास देणार नाही.

बारकी

३ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'शनिवारी येते. स्टँडवर येऊ नकोस.' बरं, येत नाही. केंद्रापासून डावीकडची दुसरी गल्ली, गॅरेजच्या वरची खोली. जिन्याची चौथी पायरी मोडकी आहे, भिंतीकडून पाय टाक.

मी आणखी काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक बातमी आहे. पान तुला पाठवल्याच्या चौथ्या दिवशी मी स्टुलावर बसले आणि स्टॉपवॉच काढून काकांच्या हातात दिलं. म्हटलं, तुम्ही मिनिटं सांगा, मी फक्त रेघा काढते. काका एका पायावर जोर देऊन उभे, हातात घड्याळ असं धरलेलं की जणू फुटेल. पाच म्हणाले. सहा म्हणाले. सहाव्याला माझी पेन्सिल उठेना. काका घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, "काढ पोरी. ती तिचं करतेय, तू तुझं कर." मी काढली. त्या दिवशी अकरा झाल्या. अकरा रेघा, आणि मग माझ्या आधी पट्ट्याला कळलं, ठोके सरसर वर आले, नाक उघडलं. काकांनी श्वास सोडला तो तिच्याहून मोठा होता.

तेव्हापासून रोज न मोडलेली झोप आहे. डॉक्टरबाईंनी मुदत वाढवून दिली. टोपण चावलं नाही.

अंथरुणं दोन आहेत. येताना काही आणू नकोस.

बारकी

१२ जानेवारी

ताई,

तू सुखरूप पोचल्याचं भाऊजींनी कळवलं. त्यांनी चेंडूचं पुन्हा विचारलं. तू सांगितलेलं दिसत नाही.

खोलीत आता वारा येत नाही. तू पिशवीतून ती कापडाची लांबट उशी काढलीस, भुसा भरून शिवलेली, आणि खिडकीच्या फटीत बसवलीस. फट किती लांब आहे ते मी लिहिलं नव्हतं. बरोबर बसली. खिडकीचं मी नोव्हेंबरात लिहिलं होतं, त्या तिसऱ्या पत्रात. म्हणजे तू वाचत होतीस. हे मला तू गेल्यावर, भांडी घासताना लक्षात आलं आणि मी नळ चालू ठेवून उभी राहिले.

रविवारी सकाळी तू केंद्रात आलीस त्याबद्दल काका अजून बोलतात. तू नाकाला पदर लावलास आणि मालकीणबाईंकडे पाहून म्हणालीस, "हीच का ती?" ती उन्हात पसरली होती. दोघींनी एकमेकींना नीट पाहून घेतलं. काका मला हळूच म्हणाले, जागेवरून भांडणं नको व्हायला. मग ती झोपली. तिसऱ्या मिनिटाला तू माझा दंड धरलास. पाचव्या मिनिटाला तुझी नखं रुतायला लागली. "बारके, हलत नाहीये ती." मी थांब म्हटलं. "अगं उठव तिला, काहीतरी कर." मी म्हटलं, थांब. तू उठून दोन पावलं पुढे गेलीस, मी तुझी साडी धरून ठेवली. आठव्या मिनिटाला तिने फुस्स केलं आणि तू मटकन खाली बसलीस, ओल्या सिमेंटवर.

बऱ्याच वेळाने, साडी पिळताना तू म्हणालीस, "रोज हे बघतेस तू?"

"रोज."

"मग एक मिनिटाचं तुला काय वाटणार होतं," म्हणालीस. विचारलं नव्हतंस.

दुपारी घरी आलो. तू ते पान पर्समधून काढलंस आणि माझी वही मागितलीस. सुई-दोरा तुझ्याजवळ होताच. फाटलेल्या कडेला कापडाची पट्टी लावलीस आणि पान होतं तिथे शिवायला बसलीस. सुटलेलं जोडीचं पानही त्याच दोऱ्यात घेतलंस. मी समोर बसून बघत होते. तुझा चष्मा घसरत होता, आता आईसारखाच घसरतो. एका ठिकाणी सुई थांबवून तू म्हणालीस, दोन दहाला उठवायला हवं होतंस. मी म्हटलं, हो. मग बराच वेळ टाके. "मी आले असते." मी म्हटलं, हो. शेवटी दातांनी दोरा तोडलास आणि वही माझ्या मांडीवर ठेवलीस. "मी माफ केलंय असं समजू नकोस," म्हणालीस. "पान जागेवर असावं म्हणून शिवलं."

मी तसं समजत नाही. तुला ते कळवायचं होतं.

मग तू आडवी झालीस. दहा मिनिटं फक्त, म्हणालीस, चारची बस आहे. भिंतीकडे तोंड केलंस आणि लगेच घोरायला लागलीस. लहानपणी मी तुझी नक्कल करायचे ते आठवलं. मी खुर्चीवर बसले होते. स्टॉपवॉच कपाटात होतं, वही मी मिटून ठेवली होती. मी काही मोजत नव्हते. एवढं तरी खरं मान.

आणि घोरणं थांबलं.

पाठ हलेना. खोलीत काही आवाज नव्हता, खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पाना टाकल्याचा आवाज आला तेवढाच. मी मनात मोजायला लागले, ते माझ्या हातात नाही. तीन, चार. मला माहीत आहे, ताई, घोरणाऱ्या माणसांचा श्वास असा अडकतो आणि आपला आपण सुटतो. मला ते दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. आठ, नऊ. मी थांबले असते तर सुटलाच असता.

मी उठले, तुझे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवलं.

तू दचकून उठलीस. केस विस्कटलेले, एका गालावर उशीची घडी उमटलेली. "काय झालं गं? बस गेली?"

मी म्हटलं, श्वास थांबला होता तुझा.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. इतका वेळ बघितलंस की मला वाटलं आता मार बसतो. मग विचारलंस, "किती वेळ?"

"अकरा."

"मिनिटं?"

"सेकंद."

"अकरा सेकंदांत उठवलंस?"

"हो."

तू उशी थोपटलीस, उलटी केलीस, पुन्हा भिंतीकडे वळलीस. "बरं," म्हणालीस. आणि पांघरूण वर ओढता ओढता, तोंड भिंतीकडेच ठेवून, "पुढच्या वेळीही उठव."

बस तुझी खरंच चुकली, पण तो माझा दोष नाही. मी तुला आणखी तीनदा उठवलं होतं.

मालकीणबाईंना मंगळवारी सोडतोय. त्या घोरण्याचं डॉक्टरांना दाखव, टाळू नकोस. भाऊजींना मी वेगळं लिहिलंय, की रात्री तुझ्याकडे लक्ष ठेवा आणि लाजू नका, सरळ हलवा.

बारकी